मसीहाविषयक स्तोत्रे

मसीहाविषयक स्तोत्रे : बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत अंतर्भूत असलेल्या ज्या हिब्रू स्तोत्रांत येशू ख्रिस्ताचे आगमन, दुःखभोग, मरण, पुनरुत्थान व स्वर्गीय राज्य ह्यांविषयीची भाकिते आहेत, असे ख्रिस्ती परंपरा मानते, त्या स्तोत्रांना ही संज्ञा लावतात. ‘मसीहा’ हे ‘माशीआह’ ह्या हिब्रू शब्दाचे रूप असून त्याचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा आहे. ‘ख्रिस्तोस’ हा त्याचाच ग्रीक अनुवाद होय. प्राचीन इझ्राएलमध्ये राज्यारोहणाच्या वेळी राजाच्या मस्तकावर तेल ओतून त्याला अभिषेक करीत. त्यामुळे स्तोत्रांतील ‘अभिषिक्त’ हा शब्द मुळात राज्यावर असलेल्या राजाचा वाचक होता. पुढे तोच शब्द भावी उद्धारकर्त्याचा आणि ख्रिस्ती धर्मात येशूचा वाचक झाला. प्रार्थना म्हणून रचलेली गीते भाकीत म्हणून कशी वाचली जाऊ लागली आणि ‘पूर्ती’ ह्या शब्दाने ख्रिस्ती भाष्यकारांना नेमके काय अभिप्रेत होते, हा ह्या स्तोत्रांच्या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्यांच्या संख्येविषयी एकमत नाही. मॉप्सुएस्टियाच्या थीओडोरने चारच स्तोत्रे प्रत्यक्ष ख्रिस्तपर मानली, तर सेंट ऑगस्टीनला सर्व १५० स्तोत्रांत ख्रिस्ताचा स्वर ऐकू आला. सामान्यतः २, ८, १६, २२, ४०, ४५, ६९, ७२, ८९, ११०, ११८ व १३२ ह्या स्तोत्रांचा निर्देश ह्या संदर्भात केला जातो.

स्तोत्रसंहितेचे स्वरूप : हिब्रू परंपरेत ह्या ग्रंथाला ‘तहिल्लीम’ (स्तवने) असे नाव आहे. त्यातील १५० स्तोत्रे पाच खंडांत विभागलेली असून ती अनेक शतकांच्या कालावधीत रचली गेली. ७३ स्तोत्रांच्या शीर्षकांत दावीद राजाचे नाव येते. तथापि त्यांतील हिब्रू शब्दयोजनेचा अर्थ ‘दावीदाने रचलेले’, ‘दावीदासाठी’ किंवा ‘दावीदाविषयी’ असा वेगवेगळ्या प्रकारे लावता येतो. त्यामुळे ही शीर्षके कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा ठरत नाहीत. स्तोत्रांतील वक्ता सामान्यतः देवाशी बोलतो, तर संदेष्ट्यांच्या ग्रंथांत देव संदेष्ट्याच्या मुखाने माणसांशी बोलतो. हा भेद लक्षात घेता स्तोत्रे भाकितांच्या वर्गात सहजासहजी बसत नाहीत. हिब्रू बायबलच्या तीन विभागांतही स्तोत्रसंहितेला ‘संदेष्टे’ ह्या विभागात नव्हे, तर ‘लेख’ ह्या तिसऱ्या विभागात स्थान आहे.

राजस्तोत्रांपासून मसीहाच्या अपेक्षेकडे : काही स्तोत्रे यरुशलेममधील दावीदवंशीय राजांशी निगडित आहेत. त्यांपैकी दुसरे स्तोत्र राज्यारोहणाच्या समारंभाचे असावे. त्यात देव राजाला आपला पुत्र म्हणून स्वीकारतो. पंचेचाळिसावे राजाच्या विवाहप्रसंगीचे आहे. बहात्तराव्यात राजाने दीनदुबळ्यांना न्याय द्यावा, अशी प्रार्थना आढळते. एकशे दहाव्यात राजाला देवाच्या उजवीकडचे आसन आणि मलकीसदेकाच्या परंपरेतील याजकत्व ह्यांचे आश्वासन मिळते. राजदरबारी काव्यातील अतिशयोक्ती ह्या रचनांत आहे. परंतु तिच्यामागे दावीदाचे राजघराणे अढळ राहील, ह्या दैवी वचनावरील श्रद्धाही आहे.

इ. स. पू. ५८७ (किंवा ५८६) मध्ये बॅबिलोनियनांनी यरुशलेमचा विध्वंस केला आणि दावीदाचे राजघराणे सिंहासनावरून दूर झाले. एकोणनव्वदाव्या स्तोत्राच्या अखेरच्या भागात ह्या वचनभंगाच्या वेदनेचा तीव्र उद्गार आहे. राजाच नसताना राजस्तोत्रे टाकून दिली गेली असती, तर ते स्वाभाविक ठरले असते. प्रत्यक्षात ती जपून ठेवण्यात आली आणि संपादकांनी त्यांतील काहींना संहितेत महत्त्वाच्या जागी बसविले. दुसरे स्तोत्र ग्रंथारंभाजवळ आणि एकोणनव्वदावे तिसऱ्या खंडाच्या शेवटी आहे. जे राजे होऊन गेले त्यांना न शोभलेले वर्णन पुढे येणाऱ्या राजाला शोभेल, अशी अपेक्षा ह्या जतनातून वाढत गेली. इ. स. पू. पहिल्या शतकातील शलमोनाची स्तोत्रे ह्या ज्यू रचनेच्या सतराव्या गीतात भावी दावीदवंशीय राजाचे वर्णन दुसऱ्या स्तोत्राच्या भाषेत केलेले आढळते.

मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या हस्तलिखितांमुळे ह्या प्रक्रियेवर अधिक प्रकाश पडला. तेथील एका लेखात सदतिसाव्या स्तोत्राचा अर्थ त्या पंथाच्या आचार्याला आणि त्याच्या विरोधकांना लावलेला आहे. अकराव्या गुहेत १९५६ मध्ये मिळालेल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत एक छोटा गद्य मजकूर असून त्यात दावीदाने ४,०५० रचना केल्या व त्या सर्व देवाने दिलेल्या संदेशशक्तीच्या योगे केल्या, असे म्हटले आहे. दावीद हा संदेष्टा होता, ही कल्पना म्हणजे ख्रिस्ती लेखकांनी नव्याने काढलेली युक्ती नसून ती तत्कालीन ज्यू धर्मातच रूढ होती, हे ह्यावरून दिसून येते. येशूचे आरंभीचे अनुयायी स्वतः ज्यूच होते व ह्याच वाचनपद्धतीत वाढलेले होते.

नव्या करारातील उपयोग : नव्या करारात जुन्या करारातील ज्या ग्रंथांचे उतारे सर्वांत अधिक येतात, त्यांत स्तोत्रसंहिता अग्रभागी आहे. लूकच्या शुभवर्तमानात (२४ : ४४) पुनरुत्थित येशू मोशेचे नियमशास्त्र व संदेष्टे ह्यांच्या जोडीने स्तोत्रांचाही आपल्याविषयीचे लेखन म्हणून उल्लेख करतो. ह्या उपयोगाचे चार प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार म्हणजे स्तोत्र हे सरळ भाकीत मानणे. प्रेषितांची कृत्ये ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात पेत्र सोळाव्या स्तोत्राविषयी युक्तिवाद करतो. देव आपल्या भक्ताला मृतलोकात सोडून देणार नाही, असा विश्वास त्या स्तोत्रात व्यक्त झाला आहे. दावीद तर मेला व त्याची कबर सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा संदेष्टा ह्या नात्याने तो स्वतःविषयी नव्हे, तर आपल्या वंशजाच्या पुनरुत्थानाविषयी बोलला, असा पेत्राचा निष्कर्ष आहे.

दुसऱ्या प्रकारात स्तोत्रातील व्यक्ती वा प्रसंग हा येशूच्या जीवनाचा पूर्वनमुना मानला जातो. जिवलग मित्राने केलेला विश्वासघात (स्तोत्र ४१), देवाच्या मंदिराविषयीची तळमळ (स्तोत्र ६९), बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला पण पुढे कोनशिला झालेला दगड (स्तोत्र ११८) ही त्याची उदाहरणे होत. येथे मूळ स्तोत्रकाराचा अनुभव खराच मानला जातो. तो येशूच्या ठायी परिपूर्ण झाला, असे म्हटले जाते. ‘पूर्ती’ ह्या अर्थी वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ ‘भरणे’ असा आहे. अगोदर सांगितलेली घटना घडून येणे एवढाच पूर्तीचा अर्थ नसून, अर्धवट भरलेले पात्र काठोकाठ भरावे, तसा जुन्या शब्दांना पूर्ण आशय लाभणे, हाही तिचा अर्थ आहे.

तिसऱ्या प्रकारात ‘बोलणारा कोण आणि कोणाशी?’ हा प्रश्न विचारून स्तोत्रातील शब्द ख्रिस्ताच्या मुखी किंवा त्याला उद्देशून घातले जातात. इब्री लोकांस पत्रात पंचेचाळिसावे व एकशे दुसरे ही स्तोत्रे देवाने पुत्राला उद्देशून काढलेले उद्गार म्हणून, तर चाळिसाव्यातील शब्द जगात येणाऱ्या ख्रिस्ताचे म्हणून दिले आहेत.

चौथ्या प्रकारात उतारा न देता स्तोत्रातील तपशील कथनात विणला जातो. बाविसावे स्तोत्र हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. मार्क व मत्तय ह्यांच्या वृत्तांतांनुसार वधस्तंभावरील येशूने ह्या स्तोत्राच्या आरंभीचा, देवाने आपल्याला का सोडले, असे विचारणारा आक्रोश केला. पाहणाऱ्यांचे डोके हलविणे, उपहास आणि वस्त्रांसाठी टाकलेल्या चिठ्ठ्या हे त्या स्तोत्रातील तपशीलही मरणाच्या कथनात येतात. योहानाचे शुभवर्तमान चिठ्ठ्यांच्या प्रसंगी शास्त्रवचनाच्या पूर्तीचा स्पष्ट उल्लेख करते. मूळ हिब्रू कडव्यात वस्त्रे वाटून घेणे व त्यांवर चिठ्ठ्या टाकणे ही एकच गोष्ट दोन समांतर चरणांत सांगितली आहे. योहान मात्र त्यांना दोन स्वतंत्र क्रिया मानतो : वस्त्रांचे चार वाटे आणि बिनशिवणीच्या झग्यासाठी चिठ्ठ्या. घडलेल्या घटनांमुळे अनुयायांना स्तोत्र आठवले की स्तोत्रामुळे घटनांच्या कथनाला आकार आला, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्ही प्रक्रिया एकत्र घडल्या असाव्यात, असे अनेकांना वाटते. हे स्तोत्र आक्रोशात संपत नाही. बाविसाव्या कडव्यापासून ते आभार व स्तुती ह्यांकडे वळते. ह्या दोन भागांत ख्रिस्ती वाचकाला वधस्तंभ व पुनरुत्थान ह्यांचा क्रम दिसतो.

नव्या करारात सर्वाधिक वेळा आधारास घेतलेले कडवे एकशे दहाव्या स्तोत्रातील पहिले होय. मार्कच्या बाराव्या अध्यायात येशू विचारतो की, दावीद मसीहाला प्रभू म्हणतो, तर तो त्याचा पुत्र कसा? हिब्रूमध्ये देवाचे नाव आणि राजाला उद्देशून वापरलेला ‘माझा स्वामी’ हा शब्द हे दोन वेगळे शब्द आहेत. ग्रीक भाषांतरात दोहोंसाठी ‘किरिओस’ (प्रभू) हा एकच शब्द आल्यामुळे ह्या कडव्याला पुढील ख्रिस्तशास्त्रात विशेष महत्त्व प्राप्त झाले.

भाषांतरांचा वाटा : नव्या कराराच्या लेखकांनी बव्हंशी सेप्टुअजिंट ह्या ग्रीक भाषांतराचा आधार घेतला. त्यातील स्तोत्रसंहितेचे भाषांतर सामान्यतः इ. स. पू. दुसऱ्या शतकातील मानले जाते. हिब्रू व ग्रीक पाठांतील अंतर अनेक ठिकाणी अर्थनिर्णायक ठरले. सोळाव्या स्तोत्रात हिब्रू ‘शहत’ ह्या शब्दाचा सामान्य अर्थ ‘खड्डा’ वा ‘गर्ता’ असा आहे. ग्रीकमध्ये त्याऐवजी ‘कुजणे’ ह्या अर्थाचा शब्द आला. अकाली मरणातून सुटका, हा हिब्रू पाठाचा आशय ग्रीकमध्ये मृत देहाच्या अविनाशाकडे झुकला. पेत्राच्या भाषणातील युक्तिवाद ह्या ग्रीक शब्दावर उभा आहे. चाळिसाव्या स्तोत्रात हिब्रू पाठ देवाने कान खोदून दिल्याचे, म्हणजे ऐकण्याची शक्ती दिल्याचे सांगतो. इब्री लोकांस पत्राने घेतलेल्या ग्रीक पाठात मात्र शरीर सिद्ध केल्याचा उल्लेख असून त्यावर ख्रिस्ताच्या देहार्पणाचे विवेचन आधारलेले आहे.

बाविसाव्या स्तोत्रातील सोळाव्या कडव्याविषयीचा वाद सर्वांत प्रसिद्ध आहे. परंपरागत हिब्रू पाठात हातपायांच्या संदर्भात ‘सिंहाप्रमाणे’ ह्या अर्थाचा शब्द आहे. त्यामुळे वाक्य अपुरे वाटते. ग्रीकमध्ये ‘त्यांनी खोदले’ असा अर्थ आहे. हिब्रूतील ‘योद’ व ‘वाव’ ह्या दिसण्यात जवळच्या दोन अक्षरांवर हा फरक अवलंबून आहे. मृत समुद्राच्या परिसरातील नाहल हेवेर येथील हस्तलिखितात क्रियापदवाचक पाठ असावा, असे दिसते. तथापि त्या रूपाचा नेमका अर्थ निश्चित झालेला नाही. विशेष म्हणजे नव्या करारातील कोणत्याही लेखकाने हे कडवे उद्धृत केलेले नाही. वधस्तंभावरील खिळ्यांशी त्याचा संबंध दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टरने स्पष्टपणे जोडला.

आद्य ख्रिस्ती भाष्यकार : जस्टिनचा ट्रायफो ह्या ज्यू विद्वानाशी संवाद हा ग्रंथ सु. १६० मधील आहे. त्यात बाविसाव्या स्तोत्राचे सविस्तर विवरण येते. तिसऱ्या शतकात ऑरिजेनने हिब्रू पाठ व विविध ग्रीक भाषांतरे शेजारी शेजारी मांडून पाठचिकित्सा केली. मात्र अर्थनिर्णयात त्याचा कल रूपकात्मक अर्थाकडे होता. ह्याउलट अँटिऑक येथील परंपरेने इतिहासाला प्राधान्य दिले. ह्या परंपरेतील थीओडोर (सु. ३५०–४२८) ह्याने २, ८, ४५ व ११० ही चारच स्तोत्रे प्रत्यक्ष ख्रिस्ताविषयीची मानली. बाविसावे स्तोत्र त्याच्या मते अबशालोमाच्या बंडाच्या वेळच्या दावीदाचे असून येशूने त्यातील शब्द आपल्या दुःखाला लागू केले. ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील दुसऱ्या परिषदेने थीओडोरला त्याच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी दोषी ठरविले. दोषास्पद म्हणून सादर केलेल्या उताऱ्यांत त्याच्या स्तोत्रभाष्यातील उतारेही होते. परिणामी बाविसाव्या स्तोत्राचा ऐतिहासिक अर्थ सांगणे पश्चिमेत दीर्घकाळ संशयास्पद ठरले.

सेंट ऑगस्टीनने (३५४–४३०) एका खऱ्या अडचणीचे उत्तर शोधले. एकेचाळिसाव्या व एकोणसत्तराव्या स्तोत्रांत वक्ता आपल्या पापांची वा मूढतेची कबुली देतो. ही स्तोत्रे ख्रिस्ताची मानली, तर निष्पाप ख्रिस्ताच्या मुखी पापाची कबुली कशी शोभेल? ऑगस्टीनच्या मते स्तोत्रांत बोलणारा ‘संपूर्ण ख्रिस्त’, म्हणजे मस्तक असलेला ख्रिस्त व त्याचे शरीर असलेली ख्रिस्तसभा, हा आहे. कधी मस्तक बोलते, तर कधी शरीर. ह्या सूत्रामुळे स्तोत्र हे केवळ भूतकाळातील भाकीत न राहता उपासकाची स्वतःची प्रार्थना म्हणून टिकले. मठवासीयांच्या दैनंदिन स्तोत्रपठणाला ह्या विचाराचा मोठा आधार मिळाला.

ज्यू अर्थ व वादविवाद : हीच स्तोत्रे ज्यू उपासनेतही अखंड म्हटली जात होती. बाविसाव्या स्तोत्रातील आक्रोश तालमूदमध्ये एस्तेर राणीच्या मुखी घातला आहे. अन्य भाष्यकारांनी तो निर्वासित इझ्राएल जनतेचा मानला आहे. एकशे दहावे स्तोत्र काहींनी अब्राहामाला लावले. दुसऱ्या शतकातील ज्यू ते हिज्कीया राजाला लावीत, असे जस्टिन नमूद करतो. तथापि मसीहापर अर्थ ज्यू परंपरेला परका नव्हता. पंचेचाळिसाव्या स्तोत्राचे अरामी भाषांतर ‘मसीहा राजा’चा उल्लेख करते. पेसिक्ता रब्बाती ह्या ग्रंथात बाविसाव्या स्तोत्रातील यातना दुःख सोसणाऱ्या मसीहाला लावलेल्या आढळतात. राशी (१०४०–११०५) हा भाष्यकार दुसऱ्या स्तोत्राविषयी सांगतो की, पूर्वसूरींनी ते मसीहाविषयी मानले असले, तरी सरळ अर्थाने ते दावीदाविषयी घेणे योग्य. ख्रिस्ती युक्तिवादांच्या दडपणामुळे ज्यू भाष्यकार सरळ अर्थाकडे अधिक वळले, असे दिसते. १२६३ मध्ये बार्सेलोना येथे राजाच्या उपस्थितीत झालेल्या जाहीर वादात एकशे दहाव्या स्तोत्राचा प्रश्न निघाला. तेव्हा नाहमानिदीस ह्या ज्यू पंडिताने, दावीदाने ते लेवीय गायकांनी म्हणावे म्हणून रचले व म्हणून त्यात दावीदाचा उल्लेख ‘माझा स्वामी’ असा येतो, असे उत्तर दिले.

हा वाद केवळ विद्वत्तेचा नव्हता. एकोणसत्तराव्या व एकशे नवव्या स्तोत्रांतील शाप ज्यू लोकांना लावून त्यांच्या हालअपेष्टांना दैवी समर्थन दिले गेले. ऑगस्टीनने एकोणसाठाव्या स्तोत्रातील शत्रूंना मारू नये पण विखरून टाकावे, ही विनवणी ज्यूंविषयीचे भाकीत मानली : ते जिवंत राहावेत, कारण त्यांच्याजवळचे ग्रंथ ख्रिस्ती सत्याची साक्ष देतात. दुसऱ्या धर्मयुद्धाच्या वेळी, ११४६ मध्ये, क्लेअरव्होच्या बर्नार्डने ह्याच स्तोत्राच्या आधारे ज्यूंच्या हत्येस विरोध केला. अशा रीतीने एकाच अर्थाने ज्यूंना जीविताचे संरक्षण मिळाले आणि त्यांच्या दुय्यम स्थितीवर शिक्कामोर्तबही झाले.

मध्ययुग व धर्मसुधारणा : लायराच्या निकोलसने (सु. १२७०–१३४९) राशीचा अभ्यास करून एका वचनाला दोन शब्दशः अर्थ असू शकतात, असे प्रतिपादन केले. ह्याउलट झाक लफेव्हर देतापल ह्याने १५०९ च्या आपल्या ग्रंथात ख्रिस्तपर अर्थ हाच खरा शब्दार्थ, अशी भूमिका घेतली. मार्टिन ल्यूथरच्या १५१३–१५ मधील स्तोत्रांवरील व्याख्यानांवर तिचा प्रभाव होता. जॉन कॅल्व्हिनचे स्तोत्रभाष्य (१५५७) अधिक संयत आहे. तो प्रथम दावीदाची परिस्थिती पाहतो व नंतर तिच्यात ख्रिस्ताची छाया दाखवितो. बहात्तराव्या स्तोत्रावर लिहिताना, ओढूनताणून ख्रिस्ताला अर्थ लावल्यास ज्यूंना आक्षेपास जागा मिळेल, असा इशारा त्याने दिला आहे.

आधुनिक संशोधन : हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) ह्या जर्मन विद्वानाने स्तोत्रांचे स्तुतिगीत, व्यक्तीचा विलाप, समूहाचा विलाप, आभारगीत, राजस्तोत्र असे प्रकार पाडले आणि प्रत्येक प्रकार उपासनेतील विशिष्ट प्रसंगाशी जोडला. नॉर्वेजियन विद्वान सिग्मुंड मोव्हिंकेल (१८८४–१९६५) ह्याने हा उपासनासंबंध अधिक विस्ताराने मांडला. त्यामुळे ही स्तोत्रे मुळात दूरच्या भविष्याविषयी नव्हती, हे मत बहुतेक अभ्यासकांत मान्यता पावले. ब्रिटिश विद्वान सी. एच. डॉड ह्याने १९५२ मध्ये असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, नव्या करारातील लेखक सुटी कडवी उचलीत नसून एका कडव्याच्या उल्लेखाने संपूर्ण स्तोत्राचा संदर्भ सुचवितात. अमेरिकन अभ्यासक जेरल्ड विल्सन ह्याच्या १९८५ मधील ग्रंथानंतर संहितेच्या अंतिम संपादनाकडे लक्ष वेधले गेले व राजस्तोत्रांच्या मांडणीत भावी अपेक्षा आहे काय, हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

रोमन कॅथलिक पंथाच्या पाँटिफिकल बिब्लिकल कमिशनने १९१० मध्ये अनेक स्तोत्रे भाकितपर व मसीहाविषयक आहेत, हे मत मान्य करण्यास सांगितले होते. त्याच कमिशनने २००१ मध्ये अधिक सूक्ष्म भूमिका घेतली. ख्रिस्ती अर्थ हा येशूच्या घटनेनंतर मागे वळून केलेल्या वाचनातून दिसणारा अर्थ आहे. ज्यूंनी आपल्या शास्त्राचे केलेले वाचनही शक्य व समांतर आहे, असे त्यात म्हटले आहे. ह्या भूमिकेनुसार स्तोत्र हे ख्रिस्ताचे सिद्धता-पत्र नव्हे. ख्रिस्तावरील श्रद्धेच्या प्रकाशात त्याचा आशय उलगडतो. मात्र स्तोत्रांतील भाकिते शब्दशः मानणारे ख्रिस्ती गटही मोठ्या संख्येने आहेत.

मराठीतील परंपरा : भाकीत व पूर्ती ह्या चौकटीचे मराठीतील सर्वांत जुने व मोठे उदाहरण म्हणजे फादर टॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण (१६१६) होय. त्याच्या पहिल्या भागात जुन्या करारातील कथा मसीहाच्या आगमनाची पूर्वतयारी म्हणून, तर दुसऱ्या भागात येशूचे चरित्र त्या अपेक्षेची पूर्ती म्हणून ओवीबद्ध केले आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. कोकणातील मराठीभाषक बेने इझ्राएल समाजासाठी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांना त्या भाषाज्ञानातून मसीहाविषयक भाकितांची ओळख घडवायची होती; बेने इझ्राएलांनी ते ज्ञान आपल्या मूळ प्रार्थना समजून घेण्यासाठी वापरले व ते आपल्या धर्मात राहिले. वल्हांडण सणाच्या वेळी ज्यू घरांत म्हटले जाणारे एकशे अठरावे स्तोत्र ख्रिस्ती मंदिरांत पुनरुत्थानाच्या सणाला गाइले जाते. एका उपासनेत ते मिसरमधील दास्यातून झालेल्या सुटकेचे स्मरण असते, तर दुसरीत मरणावरील विजयाचे.